दौंडला डोळे दाखवायला

अक्का, तू गेलीस त्याला आठवडा होत आला आणि मला अजून धड रडता आलेलं नाही. घरात हे असतात, सून असते. परवा मोटारीच्या शेडमागं जाऊन बसले, तर पलीकडच्या आळीतली म्हातारी नेमकी तिथंच सरपण वेचत होती. म्हणाली, "जिती व्हती तवा तिच्याशी बोलली न्हाईस, आन् आता कशाला गं रडतीयास?" तिला काय सांगू? सगळ्या निमोण्याला हेच माहीत आहे. आपण सख्ख्या जावा, घराला घर लागून, पण वाटणी झाली तेव्हापासून एकमेकींशी शब्द बोललो नाही. तेव्हा पोरं शाळेत होती, आता नातवंडं जातात. भावकीत कुणाचं वाजलं की लोक आपलाच दाखला द्यायचे.

सुतक मात्र आमच्या घरातही आहे. बोलणं तुटलं म्हणून सुतक तुटत नाही. देवापुढं दिवा नाही, गोडधोड नाही. हे सगळं मला रीतसर करता येतं, तेवढं रडायला बंदी. मोठी गंमतच आहे.

म्हणून दुपारची लिहायला बसलेय. परवा तुझा दहावा. तिथं नदीवर मी कोण म्हणून यायचं, ते काही ठरत नाही. वैरीण म्हणून मागं उभी राहू, हात जोडू आणि परत येऊ? की सांगून टाकू? तू असतीस तर म्हणाली असतीस, "गप ऱ्हा. इतकी वर्सं कुणाला कळलं न्हाई, आता काय बिघडलंय?" आणि आपलं परत तेच भांडण सुरू झालं असतं.

तुला आठवतं, मी लग्न होऊन आले तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर व्हीसीआर आणला होता. माझे वडील दौंडला रेल्वेत गार्ड. कॉलनीतलं शेजारचं अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा त्यांनी व्हीसीआर आणि कॅसेटींचं खोकं वडिलांना देऊन टाकलं. ते माझ्याबरोबर निमोण्याला आलं. पहिल्या दिवशी सगळं घर दाटीवाटीनं टीव्हीपुढं बसलं. सासूबाईंनी तर हळदीकुंकू वाहिलं. आणि पडद्यावर काय? काळंपांढरं चित्र, इंग्रजी बोलणं, धुकं, आणि लांब कोट घातलेला एक माणूस पुलावर उभा. तो उभाच राहिला. मारामारी नाही, गाणं नाही. अर्ध्या तासात सगळे उठून गेले. तू राहिलीस, पुढ्यात लसणाची पाटी घेऊन.

"ह्यो कवाधरनं कुणाची वाट बघतोय गं?"

मी म्हटलं, हेर आहे तो. तू म्हणालीस, म्हंजी काय? मी माझ्या मॅट्रिकच्या शहाणपणानं सांगायला लागले. दुसऱ्याच्या देशात जाऊन राहायचं. नवीन नाव घ्यायचं. तिथल्यासारखं बोलायचं, ते देतील ते खायचं, कोण कुणाशी काय बोललं ते ऐकायचं आणि आपल्या मनातलं तोंडावर दिसू द्यायचं नाही.

तू लसूण सोलत सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "ह्यात कॅसेट काढण्यासारखं काय हाय? हे तर समद्या सुना करत्यात."

मी इतकी हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. पण खरंच होतं ते. आपली नावंसुद्धा ताटातल्या तांदळात बोटानं लिहून बदललेली. माहेरी तू हौसा होतीस, इथं रुक्मिणी झालीस. मला शकू म्हणायचे, इथं वैजयंता केलं. कोटवाल्याला निदान पगार मिळत होता, असं तू पुढं कितीतरी वेळा म्हणालीस.

तेव्हापासून दुपार आपली झाली. पुरुष माणसं पहाटे फुलं घेऊन पुण्याच्या मार्केटला जायची, येऊन जेवून आडवी व्हायची. आपण शेवंतीच्या ढिगापुढं बसायचो आणि मशीन चालू करायचो. त्यात लाईटचा खेळखंडोबा. पण कॅसेटची हीच तर मजा होती. टीव्हीवरची मालिका लाईट गेली की आपल्याला सोडून पुढं निघून जायची, आठवडाभर हळहळत बसायचं. कॅसेट जिथं थांबली तिथंच थांबायची. संध्याकाळी लाईट आली, की कोटवाला दुपारचा दार उघडायला गेलेला अजून तिथंच कडीवर हात ठेवून. तू म्हणायचीस, "ह्यो एकच बाप्या हाय जो आपलं काम हुईस्तवर थांबतो."

खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी त्या एकाच मालिकेच्या. इंग्रजी मलाही सगळं कळायचं नाही. अर्धं मी ऐकायचे, अर्धं जुळवायचे आणि उरलेलं तू ठरवायचीस. कोटवाल्याचा साहेब त्याला दर भागात झाडायचा. तुझं मत, की तो साहेब नाही, थोरला भाऊ आहे. "परका माणूस इतकं बोलंल व्हय?" मी डोकं आपटून सांगितलं, अक्का, आडनावं वेगळी आहेत. "दत्तक दिला असंल," म्हणालीस. शेवटपर्यंत हटली नाहीस. आणि ऑफिसात ती चहा आणून देणारी बाई, जिच्याकडं कुणी मान वर करून बघत नव्हतं, तीच सगळ्यात मोठी हेर आहे असंही तू पहिल्याच भागात जाहीर केलंस. सगळ्या कॅसेटी संपल्या तरी ती बिचारी चहाच देत राहिली. तू म्हणालीस, "बघ, किती पक्की हाय."

मग वाटणी झाली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं, काठ्या निघाल्या नाहीत एवढंच. अंगणात भिंत आली. पलीकडच्या माणसांशी बोलायचं नाही, असं दोन्हीकडं सांगण्यात आलं. मी रागारागानं व्हीसीआर उचलला आणि दौंडला आईकडं टाकून आले. कॅसेटींचं मला सुचलंच नाही. त्या तुझ्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत गोधड्यांखाली होत्या आणि पेटी तुमच्या वाट्याला गेली. मशीन माझ्याकडं, कॅसेटी तुझ्याकडं. असली वाटणी कुणी तलाठ्यानंसुद्धा केली नसेल.

महिनाभर मी भिंतीकडं बघून काढला. स्वयंपाक करताना पलीकडं तुझ्या बांगड्यांचा आवाज यायचा. मग एक दिवस गिरणीत गाठ पडली. मी डबा ठेवून उभी, तू माझ्याकडं पाठ करून. गिरणीचा घरघराट, आणि तू गिरणीवाल्याला ओरडून सांगायला लागलीस, "डोळं लई दुखत्यात बया. बेस्तरवारी दौंडला दाखवायला जायचं म्हणतीय. सकाळच्या गाडीनं." गिरणीवाला म्हणाला, जाऊन या मावशी, डोळ्याची हयगय बरी नाही. मी पिठाचा डबा उचलला आणि घरी आले. तुझे डोळे मला माहीत होते. आढ्यावरची पाल तू अंगणातून ओळखायचीस.

त्या गुरुवारी मी "आईला बरं नाही" म्हणून नंतरची एसटी धरली. तेव्हापासून जवळजवळ दर महिन्याला. तुझ्या डोळ्यांची आणि माझ्या आईच्या तब्येतीची गावाला फार काळजी लागली. आई ठणठणीत होती, नुसतं ऐकू यायचं नाही. आपल्या गोष्टीची ती एकटी साक्षीदार, आणि तिला एक अक्षर ऐकू आलेलं नाही.

पुढं कधी एकाच गाडीत आलो तरी तू पुढं बसायचीस, मी मागं. भीमेचा पूल ओलांडला, की तू डोक्यावरचा पदर खांद्यावर घ्यायचीस आणि मागं वळून हसायचीस. दौंडच्या घरात तू हौसा आणि मी शकू. चारचौघांत मी तुला अहोजाहो करायचे, तिथं सरळ अगंतुगं. साडीत गुंडाळलेली कॅसेट पिशवीतून निघायची. मशीनला बुरशी लागली की कापसानं स्पिरिट लावून पुसायचं, टेप बाहेर आली की पेन्सिलीनं फिरवून आत घ्यायची. आई खारी आणि चहा द्यायची. नवीन काही नसायचंच. तेच भाग, तोच पूल, तोच कोट. मी एकदा विचारलं, अक्का, पाठ झालं की सगळं, अजून काय बघतेस? तू म्हणालीस, "फुडं काय हुणार त्ये ठावं हाय, म्हून तर बघवतंय. घरात उद्या काय हुईल त्ये कुटं ठावं असतंय?"

त्या वर्षी तुझ्या थोरल्याचं लग्न मोडलं होतं, आणि आमच्या ह्यांना पोटाचं दुखणं लागलं होतं. भिंतीच्या दोन बाजूंना बसून आपण एकटीनं सोसलं आणि दौंडला एकमेकींना सांगितलं. खरं सांगू, त्या घरानं मला वेडी होण्यापासून वाचवलं. हे तुला कधी तोंडानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "गप, त्यो दार उघडतोय बघ."

खूण तूच काढलीस. दोरीवर निळा परकर नाडी खाली करून उलटा वाळत घातला, की येत्या गुरुवारी दौंड. साडीवर कुणाचंही लक्ष जातं, परकराकडं कुणी भला माणूस निरखून बघत नाही, हे तुझं गणित. मोबाईल आले तरी परकर चालू राहिला. फोन पोरं उचलतात, परकर कोण उचलणार?

नातीनं मला मोबाईलवर ती मालिका शोधून दिली. सगळे भाग, स्वच्छ. मी धावत दौंडला येऊन तुला दाखवलं. मला वाटलं, तू खूश होशील. तू मोबाईल माझ्या हातातून घेऊन पालथा घातलास. "कुणाला दावू नगंस. घरातच दिसाय लागलं तर दौंडला कशाला यायचं?"

आणि आपलं ते भांडण. मी म्हणायचे, आता पुरे. माणसं म्हातारी झाली, विहीर आटून बोअर पाडली, भांडायला पाणीसुद्धा राहिलं नाही. सांगून टाकू, की आम्ही बोलतो. तू म्हणायचीस, "सांग की. बायका बोलत्यात म्हटल्यावर दोघं भाऊ बी बोलतील. मग भित पाडतील. मग चूल एक. दोन घरांच्या भाकरी एका परातीत. आन् दौंड बंद." मी म्हणायचे, असं नाही होणार. तू म्हणायचीस, "तू कोटवाल्यागत भोळी हाईस." मला तेव्हा राग यायचा. तुला भीती वाटत होती, की हे एवढं एकच आपलं आहे आणि तेही घरादाराचं होईल. मी ते समजत होते. तरी मला ते जड जायचं, अक्का. तुझ्या नातीच्या बारशाला भिंतीपलीकडून गाणी ऐकली मी, ताटात पुरणपोळी तशीच ठेवून.

दोन महिन्यांपूर्वी परकर उलटा दिसला. मी गुरुवारी दौंड गाठलं. आईनं खारी काढून ठेवली. तू सकाळच्या गाडीला नाहीस, दुपारच्या नाहीस. आई मोठ्यानं विचारायची, "ती कुठंय?" संध्याकाळी परत फिरले ते तुला मनातल्या मनात शिव्या देत. अख्ख्या रस्त्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले, तर तुमच्या दोरीवर सगळंच उलटं. सदरे गळा खाली करून, टॉवेलचा बोळा, साडी पिळून तशीच टाकलेली. आणि आमचे थोरले दीर आप्पा, ज्यांनी जन्मात स्वतःचं बनियन धुतलं नाही ते तुझे आप्पा, तोंडात चिमटा धरून दोरीखाली उभे.

मी तिथंच खाली बसले. खूण नव्हतीच ती. तू आजारी होतीस आणि घरात कपडे वाळत घालता येणारं कुणी नव्हतं. सूनबाई कारेगावला, कंपनीच्या पाळीवर.

त्यानंतर तुझं कळायचं ते असं दोरीवरून. कपडे वाढले, बिछान्याच्या चादरी रोज दिसायला लागल्या, मग एक दिवस दोरी रिकामी. शिरूरच्या दवाखान्यात, तिथून पुण्याला. परत आणली तेव्हा गावातल्या बायका भेटून यायला लागल्या. अशा वेळी वैरीसुद्धा जातो, त्याला रीत आहे. मी त्यांच्यात मिसळून आले. किती वर्षांनी तुझ्या उंबऱ्यातून आत आले. तू एवढीशी झाली होतीस. खोली बायकांनी भरलेली, सगळ्यांचे डोळे आपल्या दोघींवर. तू मान हलवून परक्यासारखं म्हणालीस, "आलीस? बस."

मी म्हटलं, "डोळे कसे आहेत तुमचे?"

खोलीत कुजबुज झाली. माणूस कशानं पडलंय आणि ही डोळ्यांचं विचारतीय, असा त्याचा अर्थ. तू मात्र ओठ आवळलेस. हसू आवरताना आवळायचीस तसे.

"दौंडच्या डाक्टरला सांग," तू म्हणालीस. "म्हनावं, लई चांगलं दिसलं. बघायचं त्येवढं समदं बघून झालं."

बायकांना वाटलं, वात झालाय. मी उठून बाहेर आले. आपलं शेवटचं बोलणं हे, आणि तेही अनोळखी असल्यासारखं. चार दिवसांनी तू गेलीस. सगळ्या म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मी गर्दीत मागं होते. तुझ्या पायांना हात लावला तेवढाच.

आता तूच सांग, परवा काय करू? तुझं म्हणणं मला पाठ आहे. पण तुझं दौंड आता तसंही बंद झालं. हौसा म्हणून कुणी होती, ती कशी हसायची, हे जगात फक्त मला ठाऊक आहे. मी गप्प बसले तर ती मुळी नव्हतीच, असं होईल. तुला दिलेला शब्द मोडवत नाही, आणि नाही मोडला तर तुझ्यामागं मी परकीच.

*

दहावा झाला. परत लिहायला बसलेय, कारण तुला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

नदीवर मांडव होता. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. विधी झाले, प्रवचन झालं आणि मग माईकवर श्रद्धांजल्या सुरू. माजी सरपंच उठले, पतसंस्थेचे चेअरमन उठले, सोसायटीचे कोण कोण उठले. सगळ्यांनी तुला माउली केलं. कुणी म्हणालं, अत्यंत शांत स्वभाव. कुणी म्हणालं, कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. मी मागच्या रांगेत बायकांच्या कडेला बसून ऐकत होते. वाटलं, हे नक्की कुणाबद्दल बोलतायत? एकालाही तू माहीत नव्हतीस.

शेवटी भावकीतले एक नाना उठले. म्हणाले, "वैनींची दृष्टी अधू झालेली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी त्या माउलीनं शेवटपर्यंत कष्ट केले." आणि आवाज जड करून म्हणाले, "एकच खंत राहिली. दोन जावांचा अबोला काही त्यांच्या हयातीत सुटला नाही."

मांडवातल्या माना माझ्याकडं वळल्या. ह्यांनी मान खाली घातली. आप्पा समोर बसले होते, सरळ नदीकडं बघत.

मी कशी उठले, मला माहीत नाही. दहाव्याला बाई माईकवर बोललेली आपल्या गावानं कधी बघितली नाही. नानांनी मला बघून माईक आपोआप पुढं केला, त्यांना वाटलं असेल ही माफी मागणार.

"मी त्यांची धाकटी जाऊ," मी म्हटलं. माईक किंचाळला, मी जरा लांब धरला. "अक्कांचे डोळे चांगले होते. त्या दौंडला डोळे दाखवायला जात नव्हत्या. माझ्या आईच्या घरी येत होत्या. मीही तिथंच जायचे. आम्ही कॅसेट लावून जुनी हेरांची मालिका बघायचो, खारी खायचो, पोट धरून हसायचो. वाटणी झाली त्या सालापासून. लोक म्हणतात ते खोटं आहे. आम्ही बोलत होतो. अक्कांना हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं, पण त्या अशाच कुणाला न कळता गेलेल्या मला सोसत नाही. मला या गावात तिच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नव्हतं."

एवढंच. माईक नानांच्या हातात दिला. ह्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. आप्पांनी उपरण्यानं चेहरा झाकून घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडत होते की हसत होते, मला लांबून कळलं नाही.

मी माघारी जागेवर जायला निघाले, तर सरपणवाली म्हातारी पुढच्या रांगेत, तुझ्या लेकीच्या शेजारी बसली होती. ती सरकली. माझा हात धरून तिनं मला त्या दोघींच्या मधे ओढलं. म्हणाली, "हितं बस. तुझी जागा ही हाय."

तुझ्या लेकीनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मग मी रडले, अक्का. सगळ्या गावादेखत, गळा काढून.